नऊ महिने, शंभर पानं: कमांडर खेळातल्या माझ्या पहिल्या डेकचा अनुभव

मेच्या सुट्टीत भाचा आला तो हातात एक खोकं घेऊनच. "मावशी, तुला पत्ते आवडतात ना? मग हे खेळून बघ." खोक्यावर नाव होतं टोकन ट्रायंफ. मॅजिक: द गॅदरिंग या खेळाच्या कमांडर प्रकारासाठी बांधलेला तयार डेक, म्हणजे पानांची गड्डी. तेव्हापासून बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारची बैठक सहसा चुकलेली नाही. पन्नासएक डाव झाले असतील. एवढं खेळल्यावर या डेकबद्दल आणि एकूणच सुरुवात कशी करावी याबद्दल सांगण्यासारखं बरंच साचलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन यांवर वाढलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो हा की इथे गड्डी एक नसते. प्रत्येकानं आपापली शंभर पानांची गड्डी आणायची. त्यात साध्या जमिनी, म्हणजे बेसिक लँड, सोडल्या तर एकच पान दोनदा चालत नाही. शंभरातलं एक पान तुमचा कमांडर. ते गड्डीत पिसायचं नाही, बाजूला उघडं ठेवायचं, आणि मॅना, म्हणजे जमिनी आडव्या करून मिळणारं, पान खेळायला मोजायचं बळ, जमला की तिथूनच खेळायचं. कमांडरच्या पानावर जे रंग असतील त्यांच्या बाहेरचं पान डेकमध्ये घेता येत नाही. प्रत्येकाला ४० आयुष्य मिळतं. साधारण चौघे बसतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. कमांडर मेला तर पुन्हा बाजूला येऊन बसतो, पण दर खेपेला दोन मॅना जास्त मोजावे लागतात. आणि एकाच कमांडरच्या मारानं तुमचं २१ नुकसान झालं, तर आयुष्य कितीही उरलेलं असो, तुम्ही बाद.

मॅजिक हा मूळ खेळ रिचर्ड गारफिल्ड यांचा, १९९३ चा. कमांडर प्रकार मात्र कंपनीनं काढलेला नाही, तो खेळणाऱ्यांनी काढला. अलास्कातल्या काही जणांनी १९९४ सालच्या लेजंड्स संचातले पाच एल्डर ड्रॅगन सेनापती म्हणून घेऊन तो सुरू केला. शेल्डन मेनरी यांनी तो स्पर्धांच्या पंचांमध्ये रुजवला आणि तिथून तो जगभर गेला. विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, म्हणजे मॅजिक काढणाऱ्या कंपनीनं, २०११ मध्ये पहिले तयार कमांडर डेक काढले. शेल्डन २०२३ मध्ये गेले. हा प्रकार खेळणाऱ्यांनीच घडवला हे भाच्यानं सांगितलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला, कारण आपल्या वाड्यांतले पत्त्यांचे डावही असेच कुणीतरी ओसरीवर बसून घडवलेले असणार.

आता खोक्याबद्दल. २०२२ च्या शेवटी नवशिक्यांसाठी दोन-दोन रंगांचे पाच डेक आले, त्यांतला हा हिरवा-पांढरा. कमांडर आहे एमारा, सोल ऑफ द अकॉर्ड. फक्त दोन मॅनाची, ताकद दोन आणि टिकाव दोन. तिचं पान आडवं झालं, म्हणजे टॅप झालं, की एक ताकदीचा छोटा शिपाई टोकन म्हणून, म्हणजे गड्डीत नसलेली सोंगटी म्हणून, पटावर येतो. तो मारतो तेवढं आयुष्य तुम्हाला मिळतं. बस्स, एवढंच. पण याच एका ओळीत शिकायला इतकं आहे की पहिले दोन महिने मी त्यातच रमले होते. ती हल्ल्याला गेली की आडवी होते, हे सगळ्यांना कळतं. पण हल्ल्याला पाठवली की बिचारी मरतेही. मग तिला घरात बसवून आडवी कशी करायची, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर मला जुलैत मिळालं, स्प्रिंगलीफ ड्रम नावाच्या एका मॅनाच्या पानात. हा ड्रम आडवा करताना सोबत आपलं एक उभं क्रीचर, म्हणजे लढणारं पान, आडवं करायचं, मग कुठल्याही रंगाचा एक मॅना मिळतो. नव्यानं आलेलं क्रीचर त्याच फेरीत हल्ला करू शकत नाही, पण ड्रमसाठी आडवं होऊ शकतं. म्हणजे पहिल्या फेरीत ड्रम, दुसऱ्या फेरीत एमारा, आणि ती आल्या आल्या आडवी केली की हातात एक मॅना आणि पटावर एक शिपाई. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी ते पान तीनदा वाचलं होतं. होल्डआउट सेटलमेंट ही जमीनही हेच काम करते. दोन्ही साधी पानं, पण डेकचा सगळा श्वास बदलला.

नवशिक्यानं स्वस्त कमांडर घ्यावा असं मी ठामपणे म्हणते, ते या अनुभवावरूनच. एमारा तीनदा मेली तरी चौथ्या वेळी आठ मॅनात परत येते. भाच्याची मैत्रीण ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन हा ड्रॅगनांचा डेक खेळते. तिची कमांडर अटार्का मुळातच सात मॅनाची, एकदा मेली की नऊ, मग अकरा. पहिल्या महिन्यात बिचारी तासभर नुसत्या जमिनी मांडत बसायची. अर्थात अटार्का उतरली की तिचा दराराही तसाच. ताकद सहा, आणि हल्ला करणाऱ्या ड्रॅगनला ती दुहेरी वार देते, म्हणजे एका हल्ल्यात बारा. दुसरा हल्ला लागला की चोवीस, आणि २१ ची मर्यादा ओलांडलीच. "मासी, आ वखते तमे," असं म्हणून ती माझ्याकडे बोट दाखवते तेव्हा अजूनही पोटात गोळा येतो.

टोकनांसाठी आम्ही चिंचोके वापरतो. खोक्यात टोकनची पानं असतात, पण वीस-वीस शिपाई झाले की ती पुरत नाहीत. आईच्या डब्यात अष्टचल्लस खेळायचे फोडलेले चिंचोके होते, एक बाजू काळी आणि एक पांढरी. काळी वर म्हणजे शिपाई उभा, पांढरी वर म्हणजे आडवा. दुरूनही पट वाचता येतो, कुणाला विचारावं लागत नाही. आपला सगळा वेळ टोकनांत जाणार असेल तर अशी काही सोय पहिल्या दिवसापासून करा.

डेकच्या उणिवाही सांगते. हात फार लवकर रिकामा होतो. सहाव्या-सातव्या फेरीला मी वरून येईल ते पान खेळत बसायची आणि बाकीच्यांच्या हातात पाच-पाच पानं असायची. दोन रंग देणाऱ्या बऱ्याच जमिनी आडव्याच पटावर येतात, त्यामुळे नेमक्या गरजेच्या फेरीला एक पाऊल मागे राहतो आपण. आणि पंखवाल्यांपुढे हा डेक हतबल आहे, शिपाई जमिनीवर उभे राहून वर बघत राहतात. आमच्या टेबलावर फर्स्ट फ्लाइट, म्हणजे सगळा उडणारा डेक, शेजारच्या काकांकडे आहे. त्यांची कमांडर इस्पेरिया अशी की त्यांच्यावर हल्ला केला की ते प्रत्येक हल्लेखोरामागे एक पान उचलू शकतात. काका बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर मेंढीकोट खेळलेले. कुणाच्या हातात काय राहिलंय हे ते चेहऱ्यावरून ओळखतात. त्यांना हा डेक मिळणं म्हणजे आमची परीक्षाच.

आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. आमच्या चौघांचे डेक एकाच मालिकेतले आहेत. भाचा झॉम्बींचा ग्रेव्ह डेंजर खेळतो, तो चौथा. ताकद साधारण सारखी, म्हणून प्रत्येक जण कधी ना कधी जिंकला. नवीन माणूस कुठला डेक घेतो यापेक्षा तो कुणाशेजारी बसतो, याला जास्त किंमत आहे.

हे मला कळलं ते एका कडू अनुभवातून. ऑगस्टमध्ये भाचा आणि मी एका ठिकाणी अनोळखी मंडळींबरोबर खेळायला गेलो. "कॅज्युअलच आहे," असं त्यांनी आधी सांगितलं होतं. पाचव्या फेरीत एकानं अशी काही साखळी लावली की आम्ही तिघं हातातली पानं धरून बघतच राहिलो. डाव संपला. तो मुलगा वाईट नव्हता, त्याच्या दृष्टीनं ते कॅज्युअलच होतं. पण हे पहिल्याच डावाला झालं असतं तर मी दुसरा खेळले नसते. अशा गैरसमजांसाठीच २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीनं डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या मांडल्या. सुरुवातीच्या मांडणीत सर्वसाधारण तयार डेक दुसऱ्या पायरीवर धरला होता आणि पाचवी पायरी निव्वळ स्पर्धेची. आता मी कुठेही बसण्याआधी सरळ विचारते: डाव साधारण कितव्या फेरीत संपतो? पायरीच्या आकड्यापेक्षा या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात.

घरच्या टेबलासाठी आम्ही एक नियम केला. पहिले दहा डाव एकही पान बदलायचं नाही. त्यानंतर महिन्याला एकच पान, आणि नवं पान डेकमध्ये घालण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवायचं. भाच्याला हा नियम सुरुवातीला जाचक वाटला, त्याचं वय घाईचं आहे. पण एकदम वीस पानं बदलली असती तर कुठल्या पानानं काय फरक पडला हे मला कधीच कळलं नसतं. माझी आजवर सात पानं बदलली आहेत आणि प्रत्येकाचं कारण मला सांगता येतं.

त्यातलं एक पान फसवणुकीचं निघालं. अनॉइंटेड प्रोसेशन, आपली टोकनं दुप्पट करणारं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलं, पैसे बऱ्यापैकी मोजले. हातात आल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. २०१४ पासूनच्या रेअर, म्हणजे दुर्मीळ, पानांवर खाली मधोमध एक छोटा चमकता लंबगोल ठसा असतो, तो इथे नुसता छापलेला राखाडी डाग होता. भाचा मांडवीजवळच्या ओळखीच्या सोन्याच्या दुकानात गेला आणि सोनारांचं भिंग मागून आणलं. पानाच्या मागच्या बाजूला रंगांचे पाच गोल असतात. खऱ्या पानावर हिरव्या गोलात भिंगातून बघितलं की बारीक लाल ठिपके एका कोनात मांडलेले दिसतात. आम्ही आधी खऱ्या पानावर ते बघितले, मग या पानावर. इथे नुसती हिरवी-पिवळी जाळी. विक्रेत्यानं नंतर उत्तरच दिलं नाही. सुटं पान विकत घेताना ठशाचा जवळून काढलेला फोटो मागा, दिला नाही तर घेऊ नका. टेबलावरच्या सगळ्यांना सांगून घरी छापलेलं पान वापरणं मला गैर वाटत नाही, बऱ्याच घरगुती बैठकींत ते चालतं. खरं म्हणून खोटं गळ्यात मारणं वेगळं.

बडोद्याच्या हवेबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात चमकदार फॉइल पानं धनुष्यासारखी वाकतात. माझं सुटं घेतलेलं एक फॉइल जुलैत इतकं वळलं की पिसताना गड्डीत ते कुठे आहे हे कुणालाही कळायचं, आणि मग ते खेळात ठेवणं बरोबर नाही. तेव्हापासून साधी पानंच घेते. डब्यात औषधांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवते. स्लीव्ह, म्हणजे पानांवर चढवायची प्लास्टिकची आवरणं, मात्र पहिल्याच दिवशी घ्या, ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या पानांसाठीच्या. स्लीव्ह नसतील तर उन्हाळ्यात पंख्याखाली पट मांडणं अशक्य. आणि सेव-उसळ डाव संपल्यावर, हात धुऊन. यावर काका कुणाचंही ऐकून घेत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर पहिला डाव साडेतीन तास चालला, कारण प्रत्येक पान मोठ्यानं वाचावं लागत होतं. आता दीड तासात उरकतो. तान्ही मुलं घरात असतील तर हा हिशेब आधी करा.

परवाच्या वासी उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा, डाव सांगते. दिवसभर गच्चीवर, संध्याकाळी पतंग उतरवून आम्ही खाली आलो. भाच्याच्या तीन बोटांना मांज्यानं कापल्याच्या पट्ट्या. काकांनी त्या महिन्याचं पान नियमाप्रमाणे आधीच वाचून दाखवलं होतं: रॅथ ऑफ गॉड, चार मॅना, पटावरची सगळी क्रीचर नष्ट. पूर्वी मी जमेल तेवढे शिपाई ओतायची आणि असं एक पान आलं की हात चोळत बसायची. या वेळी मी दर फेरीला तीन जमिनी उभ्या ठेवल्या. भाचा विचारत होता, "मावशी, खेळत का नाहीस?" मी म्हटलं, "खेळतेच आहे."

आठव्या फेरीला माझे अकरा शिपाई झाल्यावर काकांनी रॅथ टाकलं. मी तीन जमिनी आडव्या केल्या आणि रूटबॉर्न डिफेन्सेस दाखवलं. आपल्याकडच्या एका टोकनाची आणखी एक प्रत पटावर येते, आणि त्या फेरीपुरती आपली क्रीचर नष्ट होत नाहीत. काकांनी पान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. "म्हणजे तुमचे बारा राहिले आणि आमचं सगळं गेलं?"

"हो, काका."

माझ्या फेरीला मी ओव्हररन खेळले. बारा शिपाई, प्रत्येकाला तीनची वाढ, चाराप्रमाणे अठ्ठेचाळीस. अडवायला कुणाकडे काही उरलं नव्हतं आणि तिघांचीही आयुष्यं पंधराच्या आत आली होती. चिंचोके चार-चारचे तीन ढीग करून प्रत्येकापुढे सरकवले. काकांनी आपल्यापुढचे चार मोजले, उलटे करून पांढरी बाजू वर ठेवली, आणि आपली पानं गोळा करून पिसायला घेतली.