पाहुण्यांच्या खोलीसाठी गादी, पलंग, चादर : इंदूरच्या घरगुती अतिथिगृहांना काय परवडेल, काय टिकेल

ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला महाकाल लोक, म्हणजे महाकाल मंदिराभोवतीचा नवा परिसर, सुरू झालं आणि इंदूरच्या सुदामानगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर भागातल्या कितीतरी मराठी घरांचे वरचे मजले पाहुण्यांसाठी उघडले. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, खोल्या रिकाम्या, आणि महाराष्ट्रातून येणारी माणसं मराठी घर शोधत असतात. रंग आणि पडदे ठरतात, एसीही बसतो. गादीपाशी मात्र गाडी अडते, कारण दुकानात गेलं की प्रत्येक गादी ‘ऑर्थो’, म्हणजे पाठीला आधार देणारी, असते आणि प्रत्येक चादर ‘हॉटेल क्वालिटी’.

आधी पाहुणा कसा झोपतो ते बघू. महाकालाची भस्म आरती पहाटे ४ वाजता असते आणि उज्जैन इथून ५५ किलोमीटर. आरतीला जाणारं कुटुंब रात्री आठ-नऊला आडवं होतं आणि मध्यरात्रीच उठतं. दुसरं कुटुंब सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, खाऊन मध्यरात्रीनंतर परततं. दोघांनाही मिळते ती चार-पाच तासांची झोप. आपल्या घरच्या गादीची आपल्याला सवय झालेली असते. पाहुण्याला सवय व्हायला वेळच नसतो, त्यामुळे पाठ टेकताक्षणी त्याला बरं वाटायला हवं. त्यातच आज सत्तरीच्या आजी, उद्या कॉलेजातली मुलं, परवा तान्हं बाळ. म्हणून माझं ठाम मत असं : अतिथिगृहात गादी मध्यम कडक घ्यावी, खूप मऊही नको आणि खूप महागही नको. वाचलेला पैसा अंगाला लागणाऱ्या आणि धुता येणाऱ्या थरांवर घालावा.

गाद्या

कापसाची गादी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. निमाडचा कापूस शेजारीच पिकतो, पिंजारी अजून मिळतात, आणि मे महिन्यात तिच्याइतकी थंड गादी दुसरी नाही. दबली की पिंजून पुन्हा भरून घेता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पण पलंगावरची कायमची गादी म्हणून पाहुण्यांसाठी ती मी घेणार नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, ओल धरते, वास येतो. बाळाने ओली केली तर धुता येत नाही. उलटायला दोन माणसं लागतात. जादा पाहुण्यासाठी जमिनीवर घालायची दोन-तीन इंची गादी मात्र कापसाचीच असावी. गुंडाळून ठेवता येते आणि जमिनीवर झोपायची सवय असलेले ज्येष्ठ ती आपणहून मागतात.

काथ्याची गादी स्वस्त, हवा खेळती ठेवणारी आणि चांगली कडक. पण माणसं खोलीत आल्यावर आधी पलंगाच्या कडेला बसतात, आणि काथ्या तिथेच आधी बसतो. मधोमध खोलगट झालेली काथ्याची गादी परत सरळ होत नाही. अंदाजपत्रक फारच आवळलं असेल तर वर इंचभर फोमचा थर असलेली घ्यावी.

रीबॉन्डेड फोम म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला जड थर. दुकानात ‘ऑर्थो’ म्हणून दाखवतात ती पुष्कळदा हीच. कडा लवकर बसत नाहीत, जड माणसालाही आधार मिळतो, वर्षानुवर्षं आकार टिकतो. नुसती असेल तर खांदा आणि कंबर दुखावतील इतकी कडक वाटते. तिच्यावर एक-दीड इंच मऊ फोम असला की बहुतेक सगळ्या वयांना चालते. एकूण जाडी पाच-सहा इंच पुरे. माझी पहिली पसंती हीच.

साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घेणार असाल तर घनता विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ३२ च्या खाली जाऊ नका, ४० मिळाली तर उत्तम. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. तिचा कडकपणाशी थेट संबंध नाही. कमी घनतेचा फोमही दुकानात हाताला घट्ट लागू शकतो, पण रोज नवी माणसं झोपू लागली की तो लवकर चपटा होतो.

स्प्रिंगमध्ये दोन जाती. बोनेलमध्ये सगळ्या स्प्रिंग एकमेकींना तारेने जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हादरा बसतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, हादरा पसरत नाही. आपल्याकडे हा फरक मोलाचा आहे, कारण एकजण आरतीसाठी उठतो आणि शेजारी नातवंड झोपलेलं असतं. पॉकेट महाग पडते, तरी जोडप्यांच्या खोलीसाठी ते पैसे वाया जात नाहीत. एक बघा : स्प्रिंगच्या गाद्या बहुधा सहा ते आठ इंच किंवा त्याहूनही जाड असतात. पलंग आधीच उंच असेल तर त्यावर चढणं आजींना जड जातं.

मेमरी फोमची पूर्ण गादी इंदूरमध्ये घेऊ नये असं मला वाटतं. हा फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. एसी बंद पडलेल्या मेच्या रात्री पाहुणा घामाने उठेल, आणि जानेवारीत हाच फोम गारठून घट्ट होतो. लॅटेक्स सगळ्या बाबतीत चांगलं, लवचीक, टिकाऊ, पण फार जड आणि सगळ्यात महाग. त्याचा दोन इंची टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा पातळ थर, जमला तर एखाद्या खोलीत घाला. लॅटेक्स उन्हात मात्र टाकायचं नाही, ते कोरडं पडून चुरतं.

पलंग

गादीसकट उंची जमिनीपासून १८ ते २० इंच ठेवा. बसल्यावर पाय टेकले पाहिजेत आणि गुडघ्यांवर जोर न देता उठता आलं पाहिजे. ओंकारेश्वरच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला ही उंची गादीइतकीच सुख देते.

पेटीचा पलंग की मोकळा? घरात पेटी सोयीची, जादा रजया मावतात. पाहुण्यांच्या खोलीत मी मोकळाच सुचवेन. खालून झाडू-फडकं फिरतं आणि ढेकणांना लपायला जागा कमी मिळते. रेल्वे-बसमधून बॅगांबरोबर ढेकूण येतात, त्यात कुणाचा दोष नसतो. पेटीच्या प्लायच्या सांध्यांत ते शिरले की निपटणं महाकठीण. पावडर कोटिंग केलेला लोखंडी पलंग सहज तपासता येतो, पण त्याचे नटबोल्ट सैल पडून करकरतात. दर दोन-तीन महिन्यांनी आवळून घ्या, पायांना रबरी बूट लावा. सागवानी पलंग असेल तर सोन्याहून पिवळं. जुन्या घरातला आजोबांचा असेल तर तोच वापरा, फक्त फटी भरून पॉलिश करून घ्या.

एक मोठा की दोन लहान, या प्रश्नाचं उत्तर मला अगदी स्पष्ट दिसतं. ७८×३६ इंचांचे दोन पलंग घ्या. जोडले की ७८×७२ चा पूर्ण डबल होतो, वेगळे केले की दोन मैत्रिणी किंवा वडील-मुलगा नीट झोपतात. जोडल्यावर मधली फट जाणवू नये म्हणून वर एकच सलग टॉपर अंथरा आणि पलंगांचे पाय खालून पट्ट्याने बांधा.

चादरी आणि अभ्रे

शुद्ध सुती की मिश्र? मिश्र कापड पटकन वाळतं, इस्त्री कमी लागते, पावसाळ्यात जीव वाचवतं. पण काही महिन्यांत त्यावर बारीक गोळे येतात आणि उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतं. मी सुतीच्या बाजूने आहे : साध्या विणीचं, २०० ते ३०० थ्रेड काउंटचं (चौरस इंचातल्या धाग्यांची संख्या). सॅटिन विणीची चमक फोटोत छान दिसते, पण ती उबदार असते आणि अंगठीत, जोडव्यात तिचा धागा अडकतो. ३०० हून मोठ्या थ्रेड काउंटला भुलू नका, दुपदरी धागे दोनदा मोजूनही आकडा फुगवता येतो. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून थानावर कापड घेऊन शिवून घेतलं तर गादीच्या मापात बसतं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून आधी भिजवून मगच शिवायला द्या.

पांढरी की रंगीत, यावर घराघरांत वाद होतो. पांढरीवर डाग दिसतो, म्हणून लोक घाबरतात. पण डाग दिसतो हाच पांढरीचा फायदा आहे. पाहुण्याला स्वच्छतेची खात्री पटते, आपल्याला गरम पाण्यात आणि ब्लीचमध्ये बिनधास्त धुता येतं. ६० अंशांच्या पाण्यात धूळकिडे आणि ढेकूणही मरतात. देवदर्शनाहून आलेल्यांच्या कपाळाचं कुंकू, अष्टगंध अभ्र्यावर उतरणारच. हळदीच्या कुंकवाचा आणि हळदीचा डाग साबणाने लाल होतो, त्याने घाबरू नका. गार पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला, फिका पडत जातो. रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे, दिवस मात्र अपवाद. तेव्हा गडद रंगाचा वेगळा संच काढा, पाहुणे रंगात न्हाऊनच परततात.

प्रत्येक पलंगाला तीन संच : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. बोअरिंगचं पाणी जड असेल तर चादरी कडक आणि करड्या होतात. नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशीच चादरी धुवायची सोय करता आली तर कापडाचं आयुष्य वाढतं.

गादी आणि चादर यांच्यामध्ये पाणी न शिरणारं संरक्षक आवरण हवंच, यात तडजोड नको. प्लास्टिकचं घेऊ नका, ते चुरचुर वाजतं आणि घाम आणतं. वर सुती टेरी आणि खाली पीयूचा पातळ थर असलेलं घ्या.

पांघरूण

माळव्याच्या रात्री गार असतात. दिवसा रखरखाट असला तरी पहाटे काहीतरी अंगावर लागतं, म्हणून पांघरूण बारा महिने ठेवायचं. मिंक ब्लँकेट दिसायला गुबगुबीत, पण प्रत्येक पाहुण्यानंतर ते कोण धुणार आणि पावसाळ्यात कुठे वाळवणार? न धुतलेलं पांघरूण पुढच्या माणसाला देणं मला पटत नाही. त्यापेक्षा मलमलचा दोहर किंवा सोलापुरी चादर घ्या. दोन्ही मशिनमध्ये जातात, आणि सोलापुरी चादर बघून महाराष्ट्रातल्या पाहुण्याला ओळखीचं वाटतं. डिसेंबर-जानेवारीसाठी हलकी सुती रजई, वर काढता येणारी खोळ. खोळ दर पाहुण्याला बदलायची, रजईला ऊन दाखवायचं.

उशा प्रत्येकी दोन, एक पातळ आणि एक फुगीर, दोन्ही धुता येणाऱ्या फायबरच्या. सावरीच्या कापसाची उशी गार असते, पण धुता येत नाही, गोळे होतात. एखादी कपाटात ठेवा, मागणाऱ्याला द्यायला.

उज्जैनच्या २०२८ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी खोल्या वाढवत असाल तर सगळ्या गाद्या एकदम घेऊ नका. एका खोलीत लावा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, मग उरलेल्या मागवा. फोमची नवी गादी वेष्टन काढून दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवून मोकळी सोडावी लागते, तोवर तिचा वास जात नाही. त्यामुळे पहिलं बुकिंग आणि गादीची डिलिव्हरी यांच्यात किमान आठवडा ठेवा.