परराज्यातील इंटर्नशिप की घरचे न्यायालय? खानदेशातील विधी विद्यार्थ्यांसाठी तुलनात्मक आढावा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. शिवाय ती एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ करता येत नाही. म्हणजे तीन वर्षांच्या एलएलबीच्या विद्यार्थ्याच्या हाती साधारणपणे चार-चार आठवड्यांच्या तीनच संधी येतात आणि त्यांतील एक दिल्लीला दिली की एकूण अनुभवाचा तिसरा हिस्सा तिकडे जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे विद्यार्थी दर उन्हाळ्याच्या सुटीआधी माझ्याकडे येऊन बाहेर जावे की इथेच थांबावे हे विचारतात, तेव्हा हा हिशेब मी त्यांच्यापुढे आधी मांडतो.

एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी कनिष्ठ न्यायालयात खटले चालवणाऱ्या आणि अपिलीय न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे शिकलेले असावे, अशी नियमाची अट आहे. ती पूर्ण करण्यासाठी राज्याबाहेर जावे लागते असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही. आपले तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. जळगावहून अजिंठ्याचा घाट किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की छत्रपती संभाजीनगरात आपल्याच जिल्ह्यांतील दाव्यांची द्वितीय अपिले ऐकायला मिळतात. प्रमाणपत्रावर उच्च न्यायालयाचे नाव यावे एवढ्याच कारणासाठी परराज्यात जाणार असाल, तर ते कारण पुरेसे नाही.

जिल्हा किंवा तालुका न्यायालयात दावा जन्माला येताना दिसतो, आणि हे दुसरीकडे कुठेही मिळत नाही. पक्षकार सातबारा आणि फेरफाराची नक्कल पिशवीतून काढतो, त्यावरून दाव्याचा मसुदा होतो, सोबत निशाणी ५ चा तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज जातो, मग समोरच्याची कैफियत म्हणजे लेखी उत्तर येते, वादाचे मुद्दे निघतात आणि सरतपासाचे, म्हणजे साक्षीदाराच्या मूळ जबानीचे, शपथपत्र दाखल होते. रोजनामा, म्हणजे दाव्याच्या तारखेवार कामकाजाची नोंद, वाचायला शिकलेला विद्यार्थी दावा कोणत्या तारखेला आणि का अडला हे पाच मिनिटांत सांगू शकतो. महाविद्यालयात मोठमोठे न्यायनिर्णय पाठ केलेल्या मुलांनाही हे जमत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना धुळ्याला बांधाच्या वादाचा एक दावा चालू होता. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यापुढे उलटतपासात मोजणीचा नकाशा धरला गेला. त्याने नकाशावर बोट ठेवून अहिराणीत ‘बांध आठे व्हता’ एवढेच सांगितले. जबानीत ‘बांध येथे होता’ असे टंकित झाले आणि मला त्यात काहीच खटकले नाही. माझे वरिष्ठ मात्र तत्काळ उभे राहिले आणि साक्षीदाराने नकाशातील उत्तरेकडच्या रेषेवर बोट ठेवले हे नोंदवून घ्यावे, अशी त्यांनी न्यायालयाला विनंती केली. अपिलात ती जबानी वाचणाऱ्या न्यायाधीशांना बोट दिसणार नव्हते, त्यांना फक्त ‘येथे’ हा शब्द दिसणार होता. पुरावा नोंदवणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले.

दिल्लीचे स्वरूप अगदी निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारे अर्ज, मोठ्या संख्येने येतात आणि दाखल करून घेण्याच्या टप्प्यावर त्यांतील बहुतेकींची सुनावणी काही मिनिटांतच संपते. तिथे साक्षीदार नसतो, पुरावाही नसतो. खालच्या न्यायालयांत तयार झालेले कागद असतात आणि त्यांतून कायद्याचा एखादाच प्रश्न नेमका वर काढायचा असतो. प्रत्येक याचिकेच्या सुरुवातीला सारांश आणि तारखांची यादी असते, आणि ही यादी करण्याचे काम विद्यार्थ्याला मिळाले तर तो भाग्यवान म्हणावा, कारण पंधरा वर्षांचा वाद चार पानांत बसवण्याची शिस्त त्यातूनच लागते. खानदेशातील विद्यार्थ्याकडे तिथे आणखी एक बळ असते. मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर सर्वोच्च न्यायालयात द्यावे लागते, आणि ‘गाव नमुना सहा’, ‘हक्कसोडपत्र’, ‘पोटहिस्सा’ हे शब्द समजून भाषांतर करणारा मुलगा किंवा मुलगी दिल्लीच्या कार्यालयात सहजासहजी सापडत नाही. अर्जाच्या पत्रात हे स्पष्ट लिहावे, असे मी आग्रहाने सांगतो.

दिल्लीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मी ज्या कार्यालयात चार आठवडे काढले तिथे एकाच वेळी बरेच विद्यार्थी होते आणि माझा बहुतेक वेळ पानांवर क्रमांक घालण्यात व झेरॉक्सच्या रांगेत गेला. वरिष्ठांशी माझे बोलणे दोनदाच झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण ते चार आठवडे मला परत मिळाले नाहीत. म्हणून जाण्याआधी तिथे राहून आलेल्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा: तुला हातात फाइल मिळाली का? केवळ कामकाज पाहायचे असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण सप्टेंबर २०२२ पासून घरबसल्या उपलब्ध आहे.

दिल्लीच्या झगमगाटात इंदूरचा विचार फारसा होत नाही, याचे मला वाईट वाटते. धुळ्याहून शिरपूर आणि सेंधवा ओलांडून महामार्गाने सरळ जाता येते आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठ तिथे आहे. रावेर आणि मुक्ताईनगर भागातील कितीतरी घरांची सोयरीक आणि शेती बऱ्हाणपूरकडे आहे, त्यामुळे तिकडचा महसूल कायदा जाणणाऱ्या वकिलाची गरज आपल्याकडे खरोखरच आहे. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, तर त्यांच्याकडची १९५९ ची. आपण फेरफार म्हणतो त्याला तिथे नामांतरण म्हणतात, आपल्या मोजणीच्या जागी सीमांकन येते आणि सातबाऱ्याऐवजी खसरा हाती पडतो. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर आपल्याकडे कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध आहेत, तिकडे कलम १६५ आणि १७०-ख पाहावे लागते. हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचलेला विद्यार्थी शिरपूर, चोपडा आणि यावल या तालुक्यांत उद्या किती उपयोगी ठरेल, हे वेगळे सांगायला नको. इंदूरला हिंदीतून युक्तिवादही ऐकायला मिळतो, ही इंग्रजीचा धसका घेतलेल्या मुलांसाठी मोठी सोय आहे.

नंदुरबार आणि नवापूरच्या विद्यार्थ्यांना सुरत तर दारातच आहे. नवापूरचे रेल्वे स्थानकच दोन राज्यांत विभागलेले आहे. सुरतच्या लिंबायत आणि उधना भागांत खानदेशी कुटुंबे इतकी आहेत की तिथल्या न्यायालयाच्या आवारात अहिराणी कानावर पडते. कनिष्ठ न्यायालयाचे कामकाज गुजरातीत चालते, पण शिरोरेषा नसलेल्या त्या लिपीची भीती बाळगू नये. मन लावले तर पंधरा दिवसांत ती वाचता येऊ लागते. धनादेश न वटल्याचे खटले, कामगारांच्या नुकसानभरपाईचे अर्ज आणि पोटगीची प्रकरणे हे तिथले नित्याचे काम आहे. अहमदाबादच्या उच्च न्यायालयाचे कामकाज थेट प्रक्षेपणातून आधी पाहता येते, म्हणून त्यापेक्षा सुरतला प्राधान्य द्यावे, असे मला वाटते.

राज्याबाहेरचे प्रश्न घरबसल्याही समजू शकतात, हे मात्र विसरू नये. रावेरच्या केळी उत्पादकाला दिल्लीच्या व्यापाऱ्याने दिलेला धनादेश परत आला, तर धनादेशांविषयीच्या कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर, धनादेश खात्यावर जमा करण्यासाठी दिलेला असल्यास, फिर्याद शेतकऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात होते. पण आरोपी परराज्यात राहत असल्यामुळे आधी चौकशी, मग समन्स आणि पुढे ते बजावण्याची दमछाक सुरू होते. ही सारी वाट स्थानिक वकिलाकडेच पाहायला मिळते.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. वकिलांकडील इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असते, त्यामुळे दिल्लीतील खोली, खानावळ आणि रोजचा प्रवास हा भार घरच्यांवर येतो. जिल्हा न्यायालयासाठी बसचा पास पुरतो. मुलींच्या पालकांना राहण्याच्या सोयीबरोबर हेही माहीत असावे की, २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण प्रशिक्षणार्थींनाही आहे आणि दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यालयाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

दिवाणी न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आणि ही वर्षे वकिलीच्या परवान्याच्या, म्हणजे सनदेच्या, तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात. विद्यार्थीदशेतील इंटर्नशिप, मग ती कितीही दूरची असो, त्यात धरली जात नाही. अशा विद्यार्थ्याने परराज्याच्या मोहात न पडता मराठी जबान्या आणि निकालपत्रे यांतच वेळ घालावा.

इतरांना मी असा क्रम सुचवतो: पहिली संधी तालुका किंवा जिल्हा न्यायालयात, दुसरी संभाजीनगरच्या खंडपीठात आणि तिसरी इंदूर किंवा सुरतला. पाच वर्षांच्या विद्यार्थ्याकडे आणखी दोन संधी असतात, त्यांतील एक दिल्लीला खुशाल द्यावी, पण चौथ्या वर्षानंतर. निशाणी ५ चा अर्ज एकदाही न पाहिलेल्या विद्यार्थ्याला विशेष अनुमती याचिकेतील वाद समजायलाच अर्धा महिना लागतो, आणि तेवढ्यात परतीचे तिकीट येते.

निर्णय कोणताही होवो, इंटर्नशिपची डायरी ज्या त्या दिवशी लिहावी आणि वकिलांची सही दर आठवड्याला घ्यावी. महाविद्यालयाचे शिफारसपत्र किमान दोन महिने आधी मागावे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने सही शेवटच्या दिवसावर ठेवली, त्या दिवशी वरिष्ठ बाहेरगावी होते, आणि एका सहीसाठी त्याला भुसावळहून पुन्हा दिल्लीची गाडी धरावी लागली.