चाळिशीनंतर: टर्फवरचं क्रिकेट की व्हॅक्सिन डेपोतलं चालणं?

बेळगावात चाळिशी ओलांडलेली माणसं पुन्हा खेळायला लागलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण रात्री टर्फवर, म्हणजे भाड्याच्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर, जाळीच्या आत बॉक्स क्रिकेट खेळावं, की पहाटे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो नावाच्या आवारातल्या झाडीत भरभर चालावं?

टर्फची मजा वेगळीच. दुकान, ऑफिस आटोपून दिव्यांच्या उजेडात जुने दोस्त भेटतात. पण भाडं वाटून घ्यायला गडी जमवावे लागतात, आणि आठवडाभर बसून एकदम धावलं की पोटरी धरते. माझी धरली होती. पंधरा दिवस जिना चढताना जीव जायचा. शिवाय तिथं बायका क्वचितच दिसतात.

डेपोत सासवा, सुना, पेन्शनर, सगळेच. खर्च फक्त बुटांचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा तास भरभर चाललं की तेवढा होतो. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तेवढाही करत नाहीत, त्यात बायकांचं प्रमाण जास्त. म्हणून माझं मत चालण्याला. क्रिकेट सोडू नका, पण आधी महिनाभर चालून पाय तयार करा.