१० एक्स ट्रिप्लेट भिंग: कोणतं घ्यावं आणि चित्रासाठी कसं वापरावं

चित्रकला, ब्लॉक प्रिंट, भरतकाम, रांगोळी, दागिन्यांचं डिझाइन यांपैकी काहीही करणाऱ्याला एकच नवं साधन घ्यायचं असेल, तर ते घडीचं १० एक्स (दहापट मोठं दाखवणारं) ट्रिप्लेट (तीन काचांचं) भिंग असावं. कंपाउंडची भिंत, दारची कुंडी आणि मसाल्याचा डबा एवढ्यातही नक्षीचा प्रचंड ऐवज पडून आहे, आणि तो बघायला दहापट पुरतं. मात्र बाजारात भिंगांच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं, म्हणून आधी खरेदीचं बोलू.

ऑनलाइन सर्वांत जास्त दिसतं ते ‘३० एक्स, २१ मिमी’ असं कोरलेलं, चकचकीत, दोन-तीनशे रुपयांचं भिंग. हे दोन आकडे एकत्र नांदूच शकत नाहीत. भिंगाची ताकद म्हणजे २५० भागिले मिलिमीटरमधलं नाभीय अंतर, म्हणजे लांबून आलेला उजेड काचेपासून जितक्या अंतरावर एका बिंदूत एकवटतो ते अंतर. त्या हिशेबाने ३० एक्सचं नाभीय अंतर जेमतेम ८ मिमी येतं, आणि अशी काच काही मिलिमीटर रुंदीचीच करता येते. काच २१ मिमी रुंद असेल तर ते भिंग १० एक्सच्या आसपासचंच समजावं. घरी तपासायला दोन मिनिटं लागतात. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीला पांढरा कागद लावा, भिंग त्याच्याजवळ नेत खिडकीची उलटी प्रतिमा रेखीव होईल तिथे थांबा आणि काचेच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. २५ मिमीच्या जवळपास आलं, तर भिंग १० एक्सचं.

दुसरी परीक्षा आलेखाच्या कागदावर घ्यावी. एकेरी काचेतून बघितलं की कडेच्या रेषा वाकतात आणि त्यांना निळी-तांबडी किनार दिसते. ट्रिप्लेटमध्ये वेगवेगळ्या जातींच्या तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि एकीचा दोष दुसरी भरून काढते, त्यामुळे चौकट कडेपर्यंत बरीच सरळ राहते. वाचनासाठी हा फरक चालून जातो. चित्र काढताना मात्र वाकडी रेषा तशीच कागदावर उतरते आणि पानावर नसलेला रंग रंगवला जातो. ट्रिप्लेटला जास्त पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजावेत.

२० एक्सच्या मोहात पडू नये. वस्तू काचेपासून १२ मिमीवर आणावी लागते, आपलीच सावली पडते आणि एका वेळी फारच पातळ थर स्पष्ट दिसतो. एलईडीवालं मॉडेलही टाळलेलं बरं. समोरून पडणारा उजेड उठाव सपाट करतो. लव, खाच, शिरा बघायला तिरपा उजेड लागतो. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये विकसित केलेला कागदी फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो आणि पेशी बघायला उत्तम आहे. पण त्याला वस्तूचा पातळ पापुद्रा आणि मागून उजेड लागतो, त्यामुळे अख्खं फूल किंवा भिंतीवरचं शेवाळ त्यात मावत नाही.

वापरताना बहुतेकांची चूक एकच होते: वर्तमानपत्र वाचायच्या भिंगासारखं ते हात लांब करून धरलं जातं. मग दिसतो तो फक्त मधला छोटा तुकडा. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, चष्मा असला तरी चालेल. हाताची बोटं गालाला टेकवा आणि दुसऱ्या हाताने वस्तू २५ मिमीपर्यंत जवळ आणा. दोन्ही डोळे उघडे ठेवा, म्हणजे लवकर थकवा येत नाही. पाठ उजेडाकडे नको. उजेड बाजूने हवा. सूर्याकडे भिंगातून कधीही बघू नये.

सुरुवात दगडफुलापासून करावी, कारण ते गोड्या मसाल्यासाठी घरात असतंच. वरची बाजू राखाडी, खालची काळी, मुळांसारख्या बारीक तंतूंची. एक तुकडा पाच मिनिटं पाण्यात ठेवला की कडा उलगडतात आणि राखाडीतून हिरवट छटा वर येते. पावसाळ्यानंतर भिंतीवर वाळलेल्या मॉसवर थेंब टाकला तर गुंडाळलेली पानं बघता बघता उघडतात. जास्वंदीचे परागकण इतके मोठे असतात की गोळे सुटे सुटे दिसतात. पारिजातकाची कोवळी फांदी चौकोनी आणि खरखरीत निघते. हंसराजाच्या पानाची कड खाली दुमडलेली असते आणि त्या घडीत बीजाणूंचे पुंजके असतात. रांगोळी आणि ठशांसाठी सर्वांत सोयीची एकदांडी: कडेला बहुधा पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. तिचं बी सुटलं की वरचा पिसांचा झुबका स्वतंत्र रेखाटावा.

गाजरगवत मात्र डोळ्याजवळ आणू नका. त्याची पांढरी फुलं देखणी असली तरी त्याने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. खाजकुइलीच्या शेंगाही वर्ज्य.

चित्रासाठी १० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा आणि वस्तूखाली आलेखाच्या कागदाची पट्टी ठेवा. वस्तूवरचा १ मिमी म्हणजे चित्रात १ सेंमी. हे प्रमाण पाळलं की डोळ्याला ‘आवडलेला’ भाग फुगवला जात नाही. पहिलं रेखाटन फक्त बाह्यरेषेचं असावं, छटा नकोत. नंतर त्यातला एकच घटक उचला, उदाहरणार्थ तीन दातांची पाकळी, आणि ट्रेसिंग पेपरवर पुन्हा पुन्हा मांडा: आधी सरळ रांगेत, मग एकाआड एक स्तंभ अर्ध्या घराने खाली सरकवून. पहिल्यातून काठ तयार होतो, दुसऱ्यातून बुट्टीची जमीन. इथे घाईने चारपाच घटक एकत्र केले की नक्षी गिचमिड होते.

फोटोही काढता येतो. भिंग मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावर घट्ट टेकवा. काही फोन जवळची वस्तू दिसली की आपोआप वाइड कॅमेऱ्यावर जातात. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करा, नाहीतर काळा गोल दिसेल.

देखभाल थोडीच, पण चुकवू नये. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कापड फिरवा. वाळूचा कण कापडाखाली राहिला तर काचेवर ओरखडा कायमचा. स्पिरिटमध्ये भिंग बुडवू नका, काचा जोडणारा थर सुटतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवा. उन्हाच्या खिडकीत उघडं ठेवू नका, कागद पेटू शकतो. आणि खरेदी केल्या दिवशीच त्याला भडक रंगाची दोरी बांधा. पालापाचोळ्यात पडलेलं भिंग सापडत नाही.