कुत्र्यासोबत समुद्रावर: अलिबाग, गुहागर की दक्षिण गोवा?

कुत्रा गाडीत किती तास गप बसतो, यावर अर्धा निर्णय होतो. तासा-दोन तासांत ओकायला लागत असेल तर अलिबाग-नागाव. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवली की तासाभरात अलिबागजवळचं मांडवा. कुत्र्याचं तिकीट वेगळं. पण शनिवार-रविवारी नागावला जाऊच नका. घोडागाड्या, वाळूत घुमणाऱ्या बाइक, पॅरासेलिंगची शिट्टी... भित्रा कुत्रा मान मागे खेचून गळ्यातल्या पट्ट्यातून निसटतो. छातीवरून जाणारा हार्नेस घाला. वाळू काळपट, म्हणून लवकर तापते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवू नयेत.

मुंबईहून चिपळूणमार्गे गुहागर साधारण २८० किमी. पुण्याहून आलात तर कुंभार्ली घाट लागतो. त्याआधी चार तास कुत्र्याचं पोट रिकामं ठेवा, पाणी घोट-घोट द्या. तिघांत आमचं मत गुहागरला. किनारा लांबलचक, सुरूची सावली, आणि गावापासून थोडं चाललं की माणूस दिसत नाही. अट एकच: नोव्हेंबर ते मार्च कुत्र्याचा पट्टा सोडायचा नाही. ऑलिव्ह रिडले कासवं तेव्हा अंडी घालतात, घरटं जेमतेम दीड फूट खोल असतं आणि कुत्र्याच्या नाकाला तेवढं पुरतं.

कासवांचा हा नियम गोव्यात आगोंद आणि गालजीबागलाही लागू. तिथे खरी अडचण मात्र भटक्या कुत्र्यांची. किनाऱ्यावरच्या एकेका शॅकभोवती (झोपडीवजा हॉटेलाभोवती) त्यांची एकेक टोळी असते आणि पाहुणा दिसला की ती गोल करते. आपल्या कुत्र्याला उचलून घेऊ नका, ती कुत्री उड्या मारतात. पाठ न दाखवता, तिरकं चालत बाहेर पडा. गाडी नसलेल्यांना मात्र गोवाच सोयीचा, कारण काणकोणपर्यंत रेल्वे आहे. कुत्रा सोबत हवा तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे (दोन बर्थची खोली) घ्यावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. मे महिन्यापासून किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. पंजाला चिकटले तर खोबरेल चोळून मऊ करा, मग शाम्पू. रॉकेल नको, कुत्रा ते चाटतो.

तारीख ठरवताना तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशेब मुंबई-अलिबागला बसतो. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला आणि उघडी पडलेली वाळू तव्यासारखी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. ओली, घट्ट, गार वाळू हवी तेव्हा मिळते. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटरचाच, तिथे एवढं बघितलं नाही तरी चालतं.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर टाकून दिलेल्या मासळीपासून कुत्र्याला तिन्हीकडे लांब ठेवा. त्यात केंड (फुगणारा मासा) असतो, आणि तो वाळलेला असला तरी विषारीच. शिंगाळा माशाचा काटा घशात अडकतो तो वेगळाच.

२० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी लागतं. इथे अडीच लिटर धरा, आणि दर वीस मिनिटांनी समोर ठेवा. तहानला की तो समुद्राचं पितो आणि रात्रभर जुलाब. परतल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने अंघोळ, कान कोरडे, बोटांच्या बेचक्यांतली वाळू काढलेली. गोचिडाची गोळी निघण्याआधीच दिलेली असावी.