बीजाच्या लाकडाचा 'शुगरवाला ग्लास', तीन महिने वापरून

आधीच सांगून टाकतो, ग्लास म्हणून वस्तू वाईट नाही. गेल्या हिवाळ्यात अमरावतीकडल्या बहिरमच्या यात्रेत घेतला, साडेतीनशेला. आम्ही खरं तर हंडीचं मटण अन् रोडगे खायला गेलो होतो. जेवण झालं, पान झालं अन् परत येताना बाबा त्या दुकानापुढं अडून बसले. दुकान कोणाचं ते लिहित नाही, असे दहा दुकानं असतात तिथं. लाल कापडावर ग्लास मांडलेले, मागं लॅमिनेशन केलेला कागद टांगलेला, त्याच्यावर मोठ्या अक्षरात 'सरकारी संशोधनाने सिद्ध'. आणि दुकानदार तोंडाचा लय गोड. "काका, रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी उपाशीपोटी प्या, दीड महिन्यात गोळ्या नालीत फेकसान." बाबा मला म्हणाले, "घेऊन टाक ना बाप्पा, त्या गोळ्या मले गरम पडतेत." पोटात अर्धा किलो मटण आणि हातात शुगरचा ग्लास, असे आम्ही घरी आलो.

आता वस्तूबद्दल. लाकूड अस्सल निघालं हे मान्य करावंच लागेल. बीजा, म्हणजे कोणी बिबळा म्हणते, आयुर्वेदवाले विजयसार म्हणतात, ते आपल्या मेळघाटातलं झाड आहे, आजोबाच्या वेळी बैलबंडीच्या कामाला हेच लाकूड वापरत. रात्री पाणी भरलं की सकाळी चहासारखं पिवळं-तांबूस होते आणि उन्हात धरलं की कडेला निळसर झाक दिसते. ती निळी झाक बीजाच्या लाकडाची ओळखच आहे, त्यामुळं तेवढ्यापुरता दुकानदार खरा. चव तुरट, वास ओल्या लाकडाचा, दोन दिवसांनी सवय होते. महिनाभरानं रंग फिका पडायला लागला. तसंही दुकानदारानं सांगितलंच होतं की रंग गेला की नवीन घ्या, म्हणजे धंदा चालू. उन्हाळ्यात दोन दिवस कोरडा राहिला तर तोंडाजवळ तडा गेला, आता अर्ध्याच्या वर पाणी भरलं की पाझरते. आतून नीट पुसला नाही तर बुरशीचे काळे ठिपकेही येतात, हे लक्षात ठेवा.

पण खरी भानगड वेगळीच झाली. बाबांना शुगर होऊन अकरा वर्षं झाली, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. ग्लास आला आणि तिसऱ्या आठवड्यात बाबांनी गोळ्या गुपचूप बंद केल्या. आईलाही पत्ता नाही. मला कधी समजलं तर तूर काढायला कोठीतल्या पोत्यात हात घातला अन् गोळ्यांच्या सहा पट्ट्या हाताला लागल्या. "बाबा, हे काहून असं केलं तुमी?" तर म्हणतात, "मले बरं वाटून रायलं ना, मंग कायले खाऊ?" बरं वाटून रायलं म्हणे. रात्री चार-चार वेळा लघवीला उठून रायले होते आणि पायाची जखम पंधरा दिवस भरत नव्हती, ते मात्र सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. उपाशीपोटी शुगर १४२ राहायची, ती निघाली २५१. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी बाहेर लॅबमध्ये केली, ७.८ वरून ९.४.

तिथले डॉक्टर तरुण आहेत, माणूस चांगला. मी रागारागात तो ग्लास सोबतच नेला होता, वाटलं डॉक्टर हसतील. हसले नाहीत. म्हणाले, कागदावरचं संशोधन खोटं नाही, ते अर्धंच छापलंय. मग घरी येऊन मोबाईलवर मीही वाचलं. आयसीएमआर म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिनं चार सेंटरवर विजयसारचा प्रयोग केला होता, १९९८ मध्ये त्यांच्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. ९७ पेशंट, १२ आठवडे, त्यातल्या ६७ जणांची शुगर आटोक्यात आली. वाचून मला क्षणभर वाटलं बाबाच बरोबर आहेत की काय. पण पुढं वाचा ना. हे पेशंट नवीन निदान झालेले, गोळ्या सुरूच न झालेले. आमचे बाबा अकरा वर्षांचे जुने खेळाडू. दुसरं म्हणजे औषध मोजून दिलेलं, २ ग्रॅमपासून सुरू आणि गरज पडली तर ४ ग्रॅमपर्यंत. ग्लासातल्या पाण्यात किती उतरलं ते कोणी मोजलं? पहिल्या दिवशी एक, चाळिसाव्या दिवशी भलतंच. आणि तिसरं म्हणजे तो उघडा प्रयोग होता, औषध कोणतं हे डॉक्टरला माहीत, पेशंटलाही माहीत, आणि बाजूला नुसती साधी पुडी देऊन ताडून पाहायला दुसरा गट नाही. शुगर निघालेला माणूस पहिले तीन महिने तसाही गोड सोडते, भात कमी करते, सकाळी फिरायला लागते. त्यातलं किती झाडाचं अन् किती फिरण्याचं, हे कसं वेगळं काढाल? लॅमिनेशनवाल्या कागदावर यातलं एक अक्षर नाही, फक्त ६९ टक्के हा आकडा लाल शाईत.

बाबांचं मत अजूनही असंच की झाडपाला थंड आणि इंग्रजी गोळी गरम. त्यांना डॉक्टरनं सांगितलं की काका, तुमची ती मेटफॉर्मिनची गोळीही झाडावरूनच आलेली आहे. युरोपात गॅलेगा नावाचं एक रानरोप आहे, जुन्या काळी तिकडले लोक ते घेत, त्यातला शुगर उतरवणारा पदार्थ शोधला, तो तसाच्या तसा घातक निघाला, मग त्याच्यासारखा सोसेल असा बनवला आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या जीन स्टर्न नावाच्या डॉक्टरनं पेशंटवर वापरल्याचं छापलं. बाबा चूप. मग हळूच, "मंग ते रोपटंच लावू ना वावरात." बोला आता.

त्याच दिवशी आशाताईनं माझ्याही कमरेला टेप लावला, मी म्हटलं मले कायले, मी तर धडधाकट. डॉक्टरनं तिथंच हिशोब मांडून दाखवला, पुढं शुगर होण्याचा धोका किती ते सांगणारा मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा स्कोर आहे तो. वय ३६, म्हणून २०. कंबर ९८ सेंटीमीटर, १०. बापाला शुगर, १०. आणि मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर दिवसभर खुर्चीत बसतो, व्यायाम शून्य, त्याचे एकट्याचे ३०. झाले ७०, आणि ६० किंवा त्याच्या वर म्हणजे धोका जास्त. वय आणि बाप बदलता येत नाही, राहिले कंबर आणि खुर्ची. वरून खिशातली खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी त्यांनी पाहिलीच. सुपारीलाही जागतिक कॅन्सर संस्थेनं कॅन्सर करणारी म्हणून पहिल्या गटात टाकलेलं आहे, तंबाखू तर आहेच. खर्रा अजून पूर्ण सुटला नाही, खोटं कायले बोलू.

तर रेटिंग. लाकूड आणि कारागिरीला चार स्टार, तडा गेला म्हणून एक कापला. शुगर उतरवायला स्टार देत नाही, कारण बाबांच्या बाबतीत गोळ्या बंद असताना त्या पाण्यानं काहीच धरून ठेवलं नाही. आणि दुकानदाराच्या बोलण्याला शून्याच्या खाली काही असेल तर ते. घरी कोणी म्हातारं माणूस असं काही आणत असेल तर पाणी पिऊ द्या, भांडू नका, पण गोळ्यांच्या पट्ट्या मोजत जा, आणि डॉक्टरला सांगा की हे चालू आहे, कारण गोळी आणि काढा दोन्ही मिळून शुगर एकदम खालीही जाऊ शकते. हे आमच्या डॉक्टरनं दोनदा बजावलं.

बाबांच्या गोळ्या परत सुरू आहेत, जखम भरली. मागच्या आठवड्यात शुगर १५८ होती. ग्लास त्यांनी फेकू दिला नाही, सकाळी अर्धा भरून पितातच. म्हणतात यंदा बहिरमले जाऊन त्या दुकानदारापुढं रिपोर्ट मांडतो. मी म्हटलं चाला, पण हंडी नाही. तर म्हणे, "मंग जाऊन काय फायदा?"