पीओपीच्या वर कोंडलेला 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर : 14 महिन्यांचा अनुभव

लातूरात घर बांधलं, गेल्या वर्षीच्या दसऱ्याला गृहप्रवेश केला आणि हॉलच्या पीओपीत एलईडीची पट्टी लाईट लावली. 5-5 मीटरच्या दोन पट्ट्या, 12 व्होल्टच्या, त्यांना एक 150 वॅटचा ट्रान्सफॉर्मर, गंजगोलाईच्या बाजारातून 1450 ला आणलेला. (आतून तो एसएमपीएस आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय, पण आपल्याकडं वायरमनपासून दुकानदारापर्यंत सगळे ट्रान्सफॉर्मरच म्हणतात, म्हणून मी पण तेच लिहितो.) स्पेक सगळ्यांना माहीत आहेत. मला लिहायचंय ते कुठं बसवला आणि कसा बसवला यावर, कारण मे महिन्यात आमच्या घरात जे झालं ते कुणाच्या घरात होऊ नये असं मनापासून वाटतं.

पहिले सात महिने मी खूश होतो. एकच बारीक तक्रार होती, लांबचा कोपरा जरा मंद दिसायचा, त्याचा दोष मी पट्टीला दिला आणि सोडून दिलं.

मेमध्ये रात्री साडेनऊला जेवण चालू होतं, आई म्हणली, "काहीतरी करपायलंय बघ." गॅस बघितला, मिक्सर बघितला, काहीच नाही. मग लक्षात आलं वास वरून यायलाय. धावत जाऊन मेन बंद केला. पण बघायचं कसं, वर सगळं सपाट पीओपी, झाकण कुठंच ठेवलेलं नाही. शेवटी स्टूलवर चढून टॉर्चच्या उजेडात करवतीच्या पात्यानं पीओपी कापला.

आत जे दिसलं ते अजून डोळ्यासमोर आहे. ट्रान्सफॉर्मरचा डबा थर्माकोलच्या शीटवर ठेवलेला, स्लॅबचं ऊन अडवायला टाकलेली होती ती शीट, आणि डब्याखाली डब्याच्याच मापाचा खड्डा पडलेला, कडा पिवळ्या पडून आत वितळलेल्या. टर्मिनलवरचं प्लास्टिकचं झाकण वाकडं झालेलं. प्लसचा एक स्क्रू ढिला, वायरच्या तीनचार तारा स्क्रूच्या बाहेर, वायरचं कव्हर बोटभर काळं आणि कडक. अजून अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. 2 वर्षांची वॉरंटी होती. दुकानदार म्हणला कंपनीला पाठवतो, 23 दिवस फोन करकरून शेवटी उत्तर आलं की बसवण्यात चूक आहे, जळालेल्या मालाला वॉरंटी नाही. मी भयंकर चिडलो आणि रागात एक स्टार देऊन टाकला.

आता इथून पुढं माझं मत बदललं ते लिहितो. आमचे दाजी वाळूजला कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहेत, ते सुट्टीला आले. डबा हातात घेऊन पहिला प्रश्न, "तुम्ही लेबल वाचलं होतं का?" नव्हतं वाचलं. त्यावर लिहिलेलं की 50 डिग्रीपर्यंत पूर्ण लोड, त्याच्या वर लोड कमी करा. आमचा वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब आणि पीओपी यांच्यामध्ये कोंडलेली हवा. दाजींनी थर्मामीटर वर ठेवला, संध्याकाळी पाच वाजता 51 दाखवलं, आणि ते पण डबा बंद असताना! त्यात पट्टी मीटरला 14.4 वॅटची, म्हणजे 10 मीटरला 144 वॅट, 150 च्या डब्यावर. दाजी म्हणले 80 टक्क्यांच्या वर कायम चालवायचाच नाही.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेगळंच. आमचा वायरमन म्हणला होता, "बारा व्होल्ट आहे भाऊ, हात लावला तरी काही होत नाही." बरोबर आहे, शॉक लागत नाही. पण 144 वॅट भागिले 12 म्हणजे 12 अँपियर. गिझरच्या वायरला आपण जेवढा मान देतो तेवढाच मान त्या बारीक वायरला द्यायला पाहिजे होता. ढिल्या स्क्रूतून 12 अँपियर जायला लागले की तिथंच तापतं. आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की पडणारा स्विच? 230 व्होल्टच्या बाजूला हाच लोड जेमतेम पाऊण अँपियर, 6 अँपियरच्या एमसीबीला काही कळतच नाही. डब्यातलं शॉर्टसर्किटचं संरक्षण पण चालत नाही, कारण शॉर्ट झालेलंच नसतं. नुसतं हळूहळू करपत राहतं. मंद कोपऱ्याचं कारण पण तेच, 1 स्क्वेअर मिलिमीटरची बारीक वायर आणि एवढा करंट, दीड-पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच खपायलेत आणि मी पट्टीला नावं ठेवतोय. अर्थिंगचं टर्मिनल तर रिकामंच होतं, बॉडी पत्र्याची असून.

मग जूनमध्ये सगळं नव्यानं केलं. पट्ट्या 24 व्होल्टच्या घेतल्या, वॅट तेवढेच पण करंट निम्मा, 6 अँपियर. ट्रान्सफॉर्मर 200 वॅटचा, 2300 ला, आर- नं सुरू होणारा बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) नंबर बघून घेतला. पीओपीत ठेवलाच नाही. पॅसेजमध्ये डीबीच्या (एमसीबीच्या पेटीच्या) वर, गट्टू ठोकून भिंतीला, जाळीच्या पत्र्याच्या पेटीत, चारी बाजूंनी चार बोटं मोकळी. तिथून हॉलपर्यंत 9 मीटर 2.5 स्क्वेअरची वायर, जायला-यायला धरून पाऊण व्होल्टच पडतो, 24 मध्ये तो डोळ्याला दिसत नाही. 24 ची वायर वेगळ्या पाईपातून, 230 च्या पाईपात घातली नाही. दोन्ही पट्ट्यांना वेगळी लाईन, प्रत्येकीला 5 अँपियरचा फ्यूज. वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबूनच स्क्रू आवळले, अर्थिंग जोडलं. वायरमन म्हणला एवढ्या लाईटला एवढा खटाटोप कशाला, मी म्हणलं माझ्या आईला वास आला नसता तर?

पेटी दिसते, हे बायकोला अजून आवडत नाही. पण आठवड्याला हात लावून बघता येतं, ऑक्टोबर हिटमध्ये पण कोमटच्या वर गेली नाही. मागच्या महिन्यात झाकण उघडून स्क्रू परत आवळले, एक स्क्रू पाव फेरा ढिला निघाला. पीओपीत असतं तर कुणी बघितलं असतं? म्हणून बांधकाम चालू असणाऱ्यांना हात जोडून सांगतो, पीओपीवाल्याला झाकण ठेवायला लावा, तो नको म्हणेल, फिनिशिंग बिघडतं म्हणेल, ऐकू नका. नंतर दोन बाय दोनचं झाकण करायला मला 900 गेले, आधी सांगितलं असतं तर बहुतेक फुकटात झालं असतं.

पहिल्या डब्याचं रेटिंग एकवरून तीन केलंय. त्याच्या वर नाही, कारण टर्मिनलचं झाकण कागदासारखं पातळ आहे आणि सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत, आमच्या वायरमनला तो वाचता येत नाही. नवीन डब्याला चार. पाचवा स्टार मे महिना पार पडल्यावर, तेव्हा परत लिहीन.